अर्ध्या गोधडीचे काय करावे?



गोधडी तुम्हां सर्वांच्या ओळखीची आहे. उर्दूत आपण जिला गुदडी म्हणतो, तीच ही. गावाकडे तिला वाकळ असेही म्हणतात. जुन्या साड्या, ओढण्या, सदरे, लुंग्या यांचे थर एकावर एक अंथरायचे, वर आणि खाली त्यातल्या त्यात धड असलेले कापड घालायचे, आणि सुईदोऱ्याने हे सर्व थर एकमेकांना घट्ट जोडायचे, ही गोधडीची साधी रीत. सुती कापड वापरून वापरून मऊ होते. म्हणूनच जुन्या कापडाच्या गोधडीत जी ऊब असते, ती नव्या कोऱ्या कापडात सापडत नाही.

परंतु या पाठात मला पूर्ण झालेल्या गोधडीबद्दल लिहायचे नाही. मला लिहायचे आहे ते अर्धवट राहिलेल्या गोधडीबद्दल. पुण्यात मोमीनपुरा असो, भवानी पेठ असो, कॅम्प असो की कोंढवा. पुष्कळ घरांत एखादी जुनी पेटी असते किंवा माळ्यावर एखादे बोचके असते. त्यात अशी एखादी गोधडी निघते. एका बाजूने हात-दीड हात शिवलेली आणि पुढे नुसतीच टाचलेली. कधी कधी सुईसुद्धा तिथेच गंजून राहिलेली असते. ती गोधडी कोणी सुरू केली, हे घरात सर्वांना ठाऊक असते. ती पुढे का गेली नाही, हे विचारायला मात्र कोणाला सवड झालेली नसते. ईदच्या आधी घराची साफसफाई निघते, पेटी उघडली जाते, गोधडी बाहेर येते. "हिचे काय करायचे?" असा प्रश्न कोणीतरी विचारतो. उत्तर मिळत नाही आणि गोधडी पुन्हा पेटीत जाते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. अर्धी गोधडी आपण पुरी करावी, किंवा ती पुरी करणाऱ्याच्या हाती द्यावी, किंवा ती उसवून तिचे कापड दुसऱ्या कामी लावावे. या तिन्ही गोष्टी योग्य आहेत. ती पेटीत तशीच पडू देणे, ही एकच गोष्ट मला अयोग्य वाटते.

तुम्ही म्हणाल, गुरुजनांनी आम्हांला शिकवले आहे, की हाती घेतलेले काम पूर्ण करावे. काम सुरू करून मध्येच सोडणाऱ्याला मराठीत 'आरंभशूर' म्हणतात, आणि हा शब्द कौतुकाचा नाही. मग ज्या बाईने गोधडी अर्धी सोडली, ती आरंभशूर म्हणायची का? असा निकाल देण्यापूर्वी गोधडी अर्धी का राहते, ते पाहिले पाहिजे.

पहिले कारण आहे जागा. गोधडी मांडीवर घेऊन सुरू करता येत नाही. आधी सगळे थर जमिनीवर पसरावे लागतात, सुरकुत्या काढाव्या लागतात, कडांवर वजन ठेवावे लागते आणि मग टाचावे लागते. पुण्याच्या जुन्या वाड्यांना चौक होते, ओसऱ्या होत्या. दुपारी बायका तिथे गोधडी पसरून दोन्ही बाजूंनी शिवायला बसत. असे कितीतरी वाडे पाडले गेले आणि त्या जागी इमारती उभ्या राहिल्या. दोन खोल्यांच्या घरात गोधडी पसरली, तर घरच्या माणसांना पाय ठेवायला जागा उरत नाही.

दुसरे कारण आहे कापड. पूर्वी घरातली जुनी वस्त्रे सुती असत. आता बरेचसे कापड पॉलिएस्टरचे असते. त्याचे थर एकमेकांवरून घसरतात, टाका नीट बसत नाही आणि अंगाखाली घेतले तर ते घामही शोषत नाही. शिवाय जे जुने कपडे घरात उरत, त्यांतले पुष्कळसे बोहारीण घेऊन जाई आणि त्या बदल्यात स्टीलचे पातेले किंवा डबा देई. गोधडी सुरू करताना जमवलेले सुती कापड संपले, म्हणजे पुढचे थर कशाचे घालायचे, असा प्रश्न पडतो आणि काम थांबते.

तिसरे कारण आहे बाजार. सोलापूरची चादर आणि पानिपतचे ब्लँकेट सहज विकत मिळते. पानिपतमध्ये तर जुन्या लोकरी कपड्यांचे तंतू सोडवून त्यांपासून पुन्हा ब्लँकेट विणण्याचा मोठा धंदा आहे. म्हणजे जुन्यातून नवे करण्याचे जे काम घरात हाताने होत असे, तेच आता यंत्र करते. अशा वेळी आठवडेच्या आठवडे वाकून बसून गोधडी कशाला शिवायची, असे एखाद्या घराला वाटले तर त्यात नवल नाही.

चौथे कारण मात्र सर्वांत महत्त्वाचे आहे आणि त्याकडे आपले लक्ष जात नाही. ते कारण म्हणजे डोळे. वय वाढले, मोतीबिंदू झाला, की सुईत दोरा ओवता येत नाही. बोटांना टाका अजून आठवत असतो. पण सुईचे नाक दिसत नाही. दादी किंवा नानी सुरुवातीला हाक मारते, "बेटा, जरा दोरा ओवून दे." मूल खेळात असते, अभ्यासात असते, "आलो" म्हणते आणि येत नाही. अशी दोन-चार वेळा हाक मारून झाली, की ती हाक मारणे सोडून देते. गोधडी गुंडाळून ठेवली जाते. घरातले लोक समजतात, की तिला कंटाळा आला.

अशा स्त्रीला आरंभशूर म्हणणे हा अन्याय आहे. तिचे काम तिच्यामुळे थांबलेले नसते. ते जागेमुळे, कापडामुळे, काळामुळे, आणि कित्येकदा आपल्यामुळे थांबलेले असते. म्हणूनच पुढे काय करायचे, हे ठरवण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

आता एकेक मार्ग पाहू.

गोधडी सुरू करणारी दादी, नानी किंवा खाला हयात असेल, तर पहिला अधिकार तिचा. तिला न विचारता गोधडी उसवू नये आणि पुरीही करू नये. तिच्याजवळ बसून विचारावे, "ही पुढे शिवायची आहे का?" ती हो म्हणाली, तर तुमचे काम सोपे आहे. सकाळी शाळेला निघण्यापूर्वी दहा सुया घ्या, दहाही सुयांत दोरा ओवा, दोऱ्याला गाठ मारा आणि त्या सुया उशीला टोचून ठेवा. यात फार वेळ जात नाही. तेवढ्यावर तिची अख्खी दुपार कामात जाते. कित्येक गोधड्या पुऱ्या व्हायला याहून जास्त काही लागत नाही.

ती हयात नसेल, किंवा तिचे हात आता चालत नसतील, तर गोधडी आपण हाती घ्यायची. आधी कापड तपासावे. गोधडी दोन दिवस उन्हात वाळवावी, म्हणजे दमट वास जातो. मग कापडाची कड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताणावी. कापड टिकले, तर गोधडी पुरी करण्याजोगी आहे. ते ताणताच विरले, किंवा कसर लागून त्याची चाळण झाली असेल, तर त्यावर घेतलेली मेहनत वाया जाईल. हा निर्णय भावनेने नव्हे, तर बोटांनी घ्यावा.

कापड चांगले निघाले, तर पुरी करण्यासारखे दुसरे उत्तम काम नाही. धावदोरा हा सर्वांत सोपा टाका आहे. सुई खाली, सुई वर, पुन्हा खाली. तो कोणालाही थोड्या वेळात शिकता येतो. एका बाजूने शिवत आलेली गोधडी फारच मोठी वाटत असेल, तर जिथपर्यंत शिवण आली आहे त्याच्या पुढे चार बोटे सोडून ती कापावी आणि कडेला गोट लावावा. मोठी अर्धी गोधडी अशा रीतीने लहान पण पूर्ण गोधडी होते. एखाद्या तान्ह्या बाळाला ती नेमकी पुरते.

इथे काही मुले एक शंका काढतील. "दादीचे टाके बारीक आणि सरळ आहेत. आमचे टाके वेडेवाकडे येतील. तिचे काम बिघडेल." या शंकेला मी दिल्लीच्या कुतुबमिनारचे उदाहरण देतो. कुतुबुद्दीन ऐबकाने तो सुरू केला, पण त्याच्या हातून तो पूर्ण झाला नाही. इल्तुतमिशने त्यावर मजले चढवले. पुढे वीज पडून वरचा भाग खराब झाला, तेव्हा फिरोजशहा तुघलकाने १३६८ मध्ये तो नव्याने बांधला आणि त्यात पांढरा संगमरवर वापरला. आज खाली उभे राहून वर पाहिले, तर हात कुठे बदलला ते दगडाच्या रंगावरून स्पष्ट दिसते. त्यामुळे मिनार बिघडला, असे कोणी म्हणत नाही. गोधडीचेही तसेच आहे. दादीचे टाके कुठे संपले आणि तुमचे कुठे सुरू झाले, हे दिसू द्यावे. ते लपवण्यासाठी तिचे टाके उसवू नयेत. वाटल्यास आपला दोरा मुद्दाम वेगळ्या रंगाचा घ्यावा.

दुसरी शंका मोठ्या माणसांची असते. "ती आठवण आहे. तिला हात लावू नका. जशी आहे तशीच राहू द्या." ही भावना मी समजू शकतो. घरातले माणूस गेल्यावर त्याने टोचून ठेवलेली सुई काढणेही जड वाटते. पण याचे उत्तरही कुतुबमिनारच्या आवारातच आहे. तिथे जवळच अलाई मिनार आहे. अलाउद्दीन खिलजीला तो कुतुबमिनारच्या दुप्पट उंच करायचा होता. १३१६ मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि पुढे तो कोणी बांधला नाही. सुमारे २५ मीटर उंचीचा त्याचा पहिलाच मजला आजही तसाच उभा आहे. दगडाचे काम अर्धे राहिले, तरी सातशे वर्षे उन्हापावसात टिकते आणि लोक ते पाहायला येतात. कापसाचे तसे नाही. घडी घातलेल्या ठिकाणी कापड आधी विरते. पुण्याच्या पावसाळ्यात पेटीला दमटपणा येतो, बुरशी धरते, उंदीर बिळासाठी चिंध्या ओढतात. डांबराच्या गोळ्या आणि कडुनिंबाचा पाला घालून थोडा काळ काढता येतो, एवढेच. आठवण म्हणून पेटीत ठेवलेली गोधडी आठवणीसाठीही उरत नाही. याउलट पुरी केलेली गोधडी रोज रात्री अंगावर येते आणि जिने ती सुरू केली तिचे नाव घरात रोज निघते.

तिसरी शंका मुलांची असते, पण ती ते उघड बोलत नाहीत. त्यांना वाटते, हे मुलींचे काम आहे. हा समज आपण सोडला पाहिजे. आपल्या मोहल्ल्यातले शिंपी पुरुषच असतात. कापूस पिंजून गाद्या आणि रजया भरणारे पिंजारी, ज्यांना नदाफ किंवा मन्सुरी असेही म्हणतात, ते आपल्याच समाजातले कारागीर. मोठे पिंजण घेऊन ते गावोगाव फिरत आणि त्याच्या तातीचा आवाज आला, की लोकांना थंडी जवळ आल्याचे समजे. त्याहून मोठी गोष्ट अशी, की हजरत मुहम्मद पैगंबर आपले कपडे स्वतः शिवत आणि पादत्राणे स्वतः दुरुस्त करीत, असे हजरत आयेशा यांनी सांगितले आहे. हजरत उमर खलिफा असतानाही त्यांच्या वस्त्राला ठिगळे असत, हे तुम्ही वाचलेच असेल. आपल्या महाराष्ट्रात गाडगेबाबा (१८७६-१९५६) चिंध्यांची गोधडी पांघरून गावोगाव स्वच्छता करीत फिरले आणि लोक त्यांना 'गोधडेबाबा' म्हणू लागले. ज्या सुईची आणि ठिगळाची अशा थोरांना लाज वाटली नाही, तिची आपल्याला लाज का वाटावी?

घरात खरोखरच कोणाला वेळ नसेल, तर दुसरा मार्ग आहे. गोधडी शिवून देणाऱ्या स्त्रिया पुण्यात अजूनही आहेत. काही ठिकाणी दारावर तशी पाटीही दिसते. त्यांच्याकडे अर्धी गोधडी द्यावी. मात्र तिथे घासाघीस करू नये. एक गोधडी हाताने शिवायला किती दिवस वाकून बसावे लागते, हे आपल्याच घरातल्या अर्ध्या गोधडीने आपल्याला शिकवलेले असते.

इथे एक सावधगिरी सांगतो. काही लोक म्हणतात, "गरिबांना देऊन टाका." थंडीत पुण्याचा पारा कित्येकदा १० अंशांच्या खाली जातो. सरकारी रुग्णालयांच्या आवारात रुग्णांचे नातेवाईक उघड्यावर झोपलेले असतात. त्यांना पांघरूण देणे हे पुण्याचे काम आहे, यात शंका नाही. पण टाचलेले, सुटणारे थर त्यांच्या अंगावर टाकणे म्हणजे दान नव्हे. आपले राहिलेले काम आपण दुसऱ्याच्या माथी मारले, एवढाच त्याचा अर्थ होतो. जी वस्तू स्वतः घ्यायला आपल्याला संकोच वाटेल, ती दुसऱ्याला दान म्हणून देऊ नये, अशी कुरआन शरीफचीही शिकवण आहे. आधी पुरी करा, धुऊन वाळवा आणि मग द्या.

तिसरा मार्ग उसवण्याचा. कापड विरलेले असेल, किंवा घरात कोणालाच ती गोधडी नको असेल, तर ती निःसंकोच उसवावी. यात अपराध वाटण्याचे कारण नाही. गोधडी मुळात जुने कपडे मोडूनच तयार होते. जिने ती सुरू केली, तिनेही कोणाची तरी साडी आणि कोणाचा तरी सदरा फाडूनच ती मांडली होती. उसवताना कापडाचे तीन ढीग करावेत. धड तुकड्यांची बाळाची दुपटी, पिशव्या, पुस्तकांची वेष्टणे, बसायची आसने होतात. मध्यम तुकडे पायपुसण्याला चालतात. अगदी कुजलेले उरेल ते वेगळे बांधून 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंच्या हाती द्यावे. २००८ पासून ही संस्था पुणे महापालिकेबरोबर दारोदार काम करीत आली आहे. चिंध्या ओल्या कचऱ्यात कोंबू नयेत, कारण तो कचरा निवडणारे हात माणसांचे असतात. आणि उसवण्यापूर्वी दादीच्या हाताची शिवण असलेला एक चौकोनी तुकडा कापून जपून ठेवावा. आठवणीला एवढा तुकडा पुरतो.

कोणी विचारील, चिंध्यांच्या एका बोचक्यासाठी एवढा विचार कशाला? तर दोन उदाहरणे ऐका. आपल्या शेजारच्या कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्यात मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत आणि हिंदूही आहेत. त्यांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांची 'कवंदी' नावाची गोधडी शिवतात. चारही कोपऱ्यांवर कापडाची त्रिकोणी 'फुले' लावल्याशिवाय त्या ती पूर्ण मानत नाहीत. दुसरे उदाहरण अमेरिकेतले. अलाबामा राज्यात 'जीज बेंड' नावाची कृष्णवर्णीय लोकांची गरीब वस्ती आहे. तिथल्या स्त्रिया शेतात झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. २००२ मध्ये त्या गोधड्यांचे प्रदर्शन ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क येथील मोठ्या संग्रहालयांत भरले. २००६ मध्ये त्यांची चित्रे अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आली. त्या स्त्रियांनी गोधड्या शिवल्या होत्या त्या थंडी वारण्यासाठी, प्रदर्शनासाठी नव्हे. ज्या कामाला जगाने कला म्हटले, तेच काम आपल्या दादी-नानींनी केले. त्या कामाची किंमत घरातल्या लोकांनाच कळली नाही, तर बाहेरच्यांनी ती का करावी?

उर्दूत 'गुदडी का लाल' असे आपण म्हणतो. गरीब घरात जन्मलेल्या गुणी मुलाला ते विशेषण लावतात. अशा मुलांचे कौतुक सर्वजण करतात. पण ती गुदडी कोणी शिवली, हे सहसा कोणी विचारत नाही. घरातल्या स्त्रियांचे असे कितीतरी काम विनामोबदला होते आणि ते झाल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. अर्धी राहिलेली गोधडी हा त्या कामाचा डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे. म्हणून ती पाहून मान फिरवू नये.

तेव्हा येत्या रविवारी एक काम करा. घरातली पेटी मोठ्या माणसांच्या परवानगीने उघडा. गोधडी निघाली, तर ती पसरा, तपासा आणि घरातल्या सर्वांना बोलावून विचारा. पुरी करायची, शिवायला द्यायची, की उसवायची? तिघांपैकी एक उत्तर ठरल्याशिवाय पेटीचे झाकण लावू नका. आणि ज्या घरात दादी-नानी अजून आहेत, त्या घरातल्या मुलामुलींनी आधी सुया कुठे ठेवल्या आहेत, ते शोधून ठेवावे.